चुलत काका म्हणतात बारा वर्षं झाली, जमीन आता आमची... सातबारा आमच्या नावावर आहे, तो पुरेसा नाही का?

खटावचा_मुलगा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं फक्त वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच आणि तेही अडचणीत आहे म्हणून. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव खटाव तालुक्यात. पणजोबांची जमीन होती, ती १९८६ साली वडील आणि त्यांचे चुलतभाऊ (मी काकाच म्हणतो) यांच्यात वाटली गेली, तसा फेरफार झाला, गटाचे दोन पोटहिस्से पडले. आमच्या वाट्याला २ एकर १४ गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर ०.९५. वडील पुण्यात कंपनीत होते, त्यांना काही शेती करणं जमेना म्हणून १९९३ पासून काकांना सांगितलं तू कर, आम्हाला सणासुदीला दाणागोटा दे. कागद काहीच केला नाही, भावाभावात कसला कागद. वडील २००९ ला गेले. त्यानंतर आई, मी आणि ताई अशी तिघांची वारसनोंद झाली. काका ज्वारीचं एक पोतं आणि घेवडा पाठवायचे, २०१४ नंतर तेही बंद झालं, आम्हीही काही बोललो नाही.

आता या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी सहज विषय काढला की मोजणी करून घेऊ, कंपाउंड घालायचंय, तर काकांचा मुलगा म्हणाला कसली मोजणी, बारा वर्षांच्या वर वहिवाट आमची आहे, वकिलाने सांगितलंय जमीन कायद्याने आमची झाली. ओरडून नाही बोलला, सरळ बोलला आणि त्याचंच जास्त लागलं. काका ओसरीवर बसलेले, ते खाली बघून नुसती सुपारी कातरत राहिले. आईने पुढ्यातला चहा घेतला नाही. परत येताना एसटीत दोन तास ती एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर ऑनलाइन सातबारा काढला, नाव आमचंच आहे. पण पीक पाहणीत यंदाचा बटाटा लागलाय आणि ती ई-पीक पाहणी ज्या मोबाईल नंबरवरून झालीये तो आमच्यापैकी कुणाचाच नाही. माझा प्रश्न एवढाच, सातबारा नावावर असताना कुणी असं म्हणू शकतं का? आणि बारा वर्षांचं हे खरं आहे का?

जुना_दप्तरी

३४ वर्षं तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून काढली, तेव्हा जे रोज बघितलं तेच सांगतो.

पहिल्यांदा डोक्यातून हे काढून टाका की सातबारा म्हणजे मालकीचा दाखला. सातबारा हा सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा त्यासाठीचा कागद. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पीक पाहणी, दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ मध्ये म्हटलंय की यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. उलट सिद्ध होईपर्यंत, हे शब्द नीट वाचा. आणि फेरफाराने कुणी मालक होत नाही, मालक होतो खरेदीखताने, वाटपाने, बक्षीसपत्राने, वारसाने, फेरफार फक्त त्याची खबर वहीत उतरवतो. सुप्रीम कोर्टाने हे किती वेळा सांगितलं असेल. पण आपल्या लोकांना सातबारा म्हणजे सोन्याची चिठ्ठी वाटते, आणि मी नोकरीत असताना माझ्यासमोर लोक एका नोंदीसाठी रडलेत, भांडलेत, एकाने तर चावडीतच डोकं आपटून घेतलं होतं.

म्हणून मूळ कागद शोधा. १९८६ चा तो फेरफार कशावरून झाला, वाटणीपत्र रजिस्टर होतं की तोंडी वाटप होऊन वर्दी दिली, की तहसीलदारांचा आदेश होता. जुना हस्तलिखित फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल अर्ज करून मिळतो. सोबत १९८६ ते आजपर्यंतचे सगळे सातबारे काढा, हस्तलिखित धरून. जुन्या बारा नंबरात जमीन करणाऱ्याचं नाव आणि रीत असे रकाने असायचे. रीत १ म्हणजे मालक स्वतः कसतो. तुमच्या गटाला त्या रकान्यात १९९३ नंतर काय लिहिलंय ते सगळ्यात आधी बघा.

रानवाट

माझ्या माहेरी हेच झालंय म्हणून लिहिते. फरक एवढाच की आमच्याकडे सख्खे भाऊ होते. बाकी सगळे सांगतीलच, मला दुसरंच विचारायचंय, दादा तुमच्या ताईचं नाव वारसनोंदीत लागलं हे वाचून बरं वाटलं, पण मोजणीच्या अर्जावर तिची सही घेणार आहात ना? तिच्याशी बोललात ना? आमच्याकडे दोन बहिणींना न विचारता सगळं चाललं होतं आणि मग समोरच्याने आम्हालाच आमच्या भावांच्या विरुद्ध उभं केलं. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क आहे, वडील तेव्हा हयात असोत नसोत, हे २०२० ला सुप्रीम कोर्टाने पक्कं केलंय. हक्क सोडायचा असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, साध्या कागदावरचं संमतीपत्र उपयोगाचं नाही. तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

खटावचा_मुलगा

@रानवाट ताई, खरं सांगायचं तर अजून तिच्याशी नीट बोललो नव्हतो. आज फोन केला. ती म्हणाली मी येते मोजणीला, रजा टाकते.

वकील_मावळ

दिवाणी प्रॅक्टिस करतो. बारा वर्षांचा मुद्दा नीट मांडतो कारण त्यावर गावोगाव फार चुकीचं बोललं जातं.

मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५. खाजगी जमिनीचा ताबा मागायची मुदत बारा वर्षं, पण ती मोजायची समोरच्याचा ताबा तुमच्या विरुद्ध झाला तिथपासून, तो जमिनीत आला तिथपासून नाही. आणि कलम २७ म्हणतं की मुदत संपली की मालकाचा हक्कच संपतो. म्हणजे दात आहेत कायद्याला, हसण्यावारी नेऊ नका. पण विरुद्ध कब्जा म्हणजे काय? उघड, सलग, आणि खऱ्या मालकाला ठणकावून की ही जमीन माझी आहे, तुझी नाही. चोरून नाही, जबरदस्तीने नाही आणि परवानगीने तर नाहीच. जो तुमच्या सांगण्यावरून कसतोय त्याने शंभर वर्षं कसली तरी तो विरुद्ध कब्जा होत नाही. राखणदार, गडी, घर सांभाळायला ठेवलेला नातेवाईक, यांना कितीही वर्षं झाली तरी हक्क येत नाही, हे २०१२ ला सुप्रीम कोर्टाने स्वच्छ शब्दांत सांगितलं, आणि ते प्रकरण गोव्यातल्या बहीणभावाचंच होतं.

पूर्वी असं होतं की विरुद्ध कब्जा ही फक्त ढाल, मालकाने दावा केला तर बचावाला वापरायची. २०१४ च्या एका निकालात तसंच म्हटलं होतं. २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं, आता कब्जेदार स्वतःही दावा लावू शकतो, म्हणजे ढालीची तलवार झाली. त्यामुळे गावातले वकील हल्ली हे जास्त सुचवतात.

तुमच्या प्रकरणात गंमत अशी नाही की तुम्ही निवांत बसावं. तुम्ही लिहिलंत की २०१४ नंतर धान्य बंद झालं. समोरचा वकील तिथून घड्याळ लावणार. नुसतं धान्य बंद करणं म्हणजे मालकी नाकारणं नाही हे आपण कोर्टात मांडू शकतो, पण ती बारा वर्षं भरत आलीत आणि आता त्यांनी तोंडाने सांगितलंय की जमीन आमची. घरात बसून चर्चा करायला वेळ नाही, दावा लवकर दाखल करा.

जुना_दप्तरी

वकीलसाहेबांशी सहमत. अजून एक बाजू बघा. समोरचे म्हणाले की १९८६ ची वाटणी खरी नाहीच, तोंडी होती, आम्ही मानत नाही, तर मग ते सहहिस्सेदार झाले. आणि सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो, त्याला विरुद्ध कब्जा म्हणायचं तर दुसऱ्याला उघड हुसकून लावल्याचं दाखवावं लागतं. वाटणी मानली तर परवानगी आडवी येते, वाटणी नाकारली तर सहहिस्सा आडवा येतो. दोन्हीकडून त्यांना कठीण आहे. मात्र वाटणी मोडली तर हिश्श्याचं माप बदलू शकतं, म्हणून तो १९८६ चा कागद मिळवाच.

आणि त्या ई-पीक पाहणीने घाबरू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती मोबाईलवर आलीये, कुणीही शेजारी खातेदाराचं नाव निवडून फोटो टाकून देतो, बऱ्याचदा विम्यासाठी किंवा मदतीच्या पैशासाठी. पुढच्या हंगामात स्वतः जाऊन तुमच्या नंबरवरून करा, त्यासाठी एसटीने गावी जावं लागलं तरी जा.

काळीमाती

दादा तुमचं वाचलं, पण मला दुसऱ्या बाजूनं बोलू द्या, राग मानू नका.

आमी जालन्याकडचे. आमच्या आजानं गायरान कसलं. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तवा आजा तुरुंगात गेला होता, गावातले बारा जण गेले होते. त्यानंतर गावाबाहेरचं माळरान, निसती कुसळं अन् मुरूम, ते आजानं आन् आजीनं हातानं फोडलं. दगड येचून येचून बांध घातला, तो बांध आजबी हाय, त्याच्यावर बसून मी हे लिहितोय. आमच्याकडं सातबारा नाही, खरेदीखत नाही. आमच्याकडं काय हाय तर दंडाच्या पावत्या. दर दोनतीन वर्साला तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून पंचनामा करायचा, दंड लावायचा, आन् आजी ती पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. ज्या कागदानं आमाला चोर म्हटलं तोच आमचा पुरावा.

२८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर हाय, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० मधली गायरानावरची अतिक्रमणं भूमिहीन मागासवर्गीयांच्या नावावर करायची. आमचं त्याच्या आधीपासूनचं, पण गाव नमुना १-ई, म्हंजी अतिक्रमणाची वही, त्याच्यात आमचं नाव १९८५ सालच्या पानावर घेतलं नाही, फुडच्या पानावर हाय. तेवढ्या एका पानामुळं वडिलांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, गेले तवा खिशात अर्जाची पोच होती.

तुमच्या काकांनी कागद नसताना हक्क सांगितला ते चूकच, त्यांना परवानगीनं दिलं होतं. पण मंडळी 'वहिवाटवाले सगळे लुबाडणारे' असं कुणी लिहू नका. जमीन ज्यानं पिकती केली त्याचंबी काहीतरी असतं.

जुना_दप्तरी

काळीमाती, तुम्ही म्हणता ते पटतं. नोकरीत मी स्वतः असे पंचनामे लिहिलेत. १-ई ची वही अनेक गावांत अर्धवट ठेवली जायची, ज्याची ओळख त्याचं नाव पटकन लागायचं, ज्याची नाही त्याला सांगायचे पुढच्या वेळी ये. यात तलाठ्यांचा दोष आहे, माझ्यासारख्यांचा आहे. तुमच्याकडच्या पावत्यांचे नंबर, वर्ष, गट असा एक तक्ता करून ठेवा, आणि मूळ पावती कुठल्याही ऑफिसात जमा करू नका, फक्त सत्यप्रत द्या.

सरकारी जमिनीचा कायदा वेगळा. सरकारने ताबा मागायची मुदत ३० वर्षं, अनुच्छेद ११२. पण गावकऱ्यांच्या सामायिक वापराची जमीन, गायरान, तळं, स्मशान, यावर कोर्ट फार कडक आहे. २०११ ला पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, मात्र त्याच निकालात भूमिहीनांना, अनुसूचित जाती जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवलाय. तो परिच्छेद तुमच्या अर्जाला जोडाच.

काळीमाती

२०२२ ला मुंबई हायकोर्टानं स्वतः होऊन गायरान अतिक्रमणाची केस घेतली तवा सरकारनं आकडा दिला होता २ लाख २२ हजारांच्या वर अतिक्रमणं म्हणून. आमच्या गावात नोटिसा आल्या तवा आईनं तीन दिवस चूल पेटवली नाही. एका आकड्यात आमची झोपडी बी मोजली आन् रस्त्याकडच्या गाळेवाल्याचं दुकानबी मोजलं. हे दोन्ही एक नाही हे कुणीतरी कोर्टात सांगायला पायजे.

चाळकरी

मुंबईतनं लिहितोय. @काळीमाती तुमच्या पावत्यांसारखं आमच्याकडे फोटोपास. १९७६ ला सरकारने झोपड्यांची मोजणी केली, तेव्हाचा फोटोपास माझ्या आईने अजून प्लास्टिकमध्ये घालून देवघराच्या मागे ठेवलाय. मुंबईत झोपडीवाल्याला जमिनीचा हक्क मिळत नाही, मिळतो पुनर्वसनाचा. आधी १ जानेवारी १९९५ च्या आतली झोपडी धरायचे, मग ती तारीख १ जानेवारी २००० झाली, आणि २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. एका तारखेच्या अल्याड घर आणि पल्याड रस्ता. माझा मामा सहा महिन्यांनी उशिरा आला मुंबईत, तेवढ्यावरून त्याचं गेलं.

खटाववाले दादा, एकच सांगतो, जिथे कागद नाही तिथे माणूस वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी यावर जगतो. तुमच्याकडे सातबारा तरी आहे, त्याची किंमत समजा.

बारदेसकार

गोंयचो हांव, पण मराठीत लिहितो. आमच्याकडे सातबाऱ्याऐवजी फॉर्म एक-चौदा. तुमच्यासारखाच तो मालकीचा पुरावा नव्हे. खरा पुरावा पोर्तुगीज काळातलं नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि ते वाचायला आता माणसं मिळत नाहीत. घरमालक मुंबईत, लिस्बनला, आफ्रिकेत गेले, घरं बंद राहिली, आणि मेलेल्या माणसांच्या नावाने खोटी विक्रीखतं झाली. एवढी प्रकरणं वाढली की २०२२ साली सरकारने त्यासाठी खास तपास पथक नेमलं. माझ्या आत्याच्या घराचंही तसंच, तिने वीस वर्षांत एकदाही नक्कल काढली नव्हती, काढली तेव्हा नाव तिसऱ्याचंच होतं.

दुसऱ्या बाजूला मुंडकार आहेत. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेली माणसं, माडांची राखण करणारी. त्यांना भाटकार वाटेल तेव्हा काढायचा, १९७५ च्या मुंडकार कायद्याने ते थांबलं आणि त्यांना आपलं घर विकत घेण्याचा हक्क आला. म्हणून काळीमाती यांचं म्हणणं मला पटतं. जो राहतो त्याचाही कायदा असतो, आमच्याकडे तो झगडून मिळवलाय.

वर्षातून एकदा तरी आपल्या जमिनीचा कागद काढा, परदेशात असाल तर जास्तच.

खटावचा_मुलगा

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

दप्तरी काका, तुम्ही सांगितलंत तसे सगळे सातबारे काढले. १९९३ नंतरही रीत १ आणि वडिलांचंच नाव आहे. आणि वकीलसाहेब म्हणाले परवानगीचा पुरावा शोधा म्हणून आईची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी वर्तमानपत्राखाली आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा निघाला, सुतळीने बांधलेला. काकांची पत्रं. निळी शाई, गिचमिड अक्षर, प्रत्येक पत्राची सुरुवात 'तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार'. १९९६ च्या एका पत्रात लिहिलंय, 'यंदा भुईमूग बरा झाला, तुमच्या वाट्याचे साडेसातशे मनीऑर्डरने धाडले आहेत, पोचल्याचे कळवावे. विहिरीला अजून चार फूट खाली गेलो, पाणी लागलं, वहिनींना सांगा.' मनीऑर्डरची पावतीही त्यातच होती. आई ते वाचून रडली. मी आनंदात होतो की पुरावा सापडला आणि ती रडत होती.

वकील_मावळ

पत्रं जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, मूळ तसंच राहू दे. पण यात एक धोका आहे तो आत्ताच सांगतो.

ही पत्रं परवानगी सिद्ध करतात, म्हणजे विरुद्ध कब्जा संपला. मात्र त्यात 'तुमच्या वाट्याचे' असे शब्द आहेत. दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने कायदेशीर कसणारा माणूस कूळ कायदा १९४८ च्या कलम ४ प्रमाणे कूळ मानला जाऊ शकतो. त्यातून मालकाच्या कुटुंबातला माणूस, मजुरीचा गडी आणि गहाणदार वगळलेत. पण विभक्त झालेला चुलतभाऊ कुटुंबातला धरायचा का, यावर वाद होणार. कृषक दिन १ एप्रिल १९५७, त्यादिवशी जमीन ज्याच्या ताब्यात त्या कुळाला मालक मानलं, पण तुमचं १९९३ चं, तेव्हा नंतरच्या कुळाला खरेदीचा हक्क वापरायचा तर एका वर्षात मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायला लागतं, तसं काही झालेलं दिसत नाही. तरी कुळाचा मुद्दा निघाला की दिवाणी कोर्ट तो स्वतः ठरवत नाही, तहसीलदारांकडे पाठवतं, आणि तिथे वर्षं जातात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. कूळ म्हणायचं तर समोरच्याला आधी तुम्ही मालक आहात हे मान्य करावं लागतं, आणि विरुद्ध कब्जा म्हणायचा तर तुम्ही मालक नाही असं म्हणावं लागतं. एकाच तोंडाने दोन्ही चालत नाही. ते काय म्हणतात ते लेखी येऊ द्या. वकिलामार्फत नोटीस पाठवा, परवानगी रद्द केली असं स्पष्ट लिहा, आणि उत्तर आलं की मला दाखवा.

रानवाट

नोटीस पाठवायच्या आधी एकदा काकांना ते १९९६ चं पत्र वाचून दाखवाल का? वकिलांना आवडणार नाही मला माहितीये. पण आमच्याकडे आधी नोटीस गेली आणि मग माझ्या आजीच्या तेराव्यालासुद्धा कुणी आलं नाही. तेरा वर्षं कोर्टात गेली, जमीन मिळाली तेव्हा भाऊ साठीला आलेला, कसायला कुणी उरलं नाही.

वकील_मावळ

@रानवाट आवडत नाही असं नाही. वाचून दाखवा, फक्त मूळ पत्र घेऊन जाऊ नका, झेरॉक्स न्या. आणि बोलणं सुरू आहे म्हणून दाव्याची तयारी थांबवू नका, तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

खटावचा_मुलगा

आठवडाभर लिहायला जमलं नाही. रविवारी मी, आई आणि ताई तिघं गावी गेलो. काकांच्या मुलाला आधी बाजूला काढून बोलायचं होतं पण आईने ऐकलं नाही, ती थेट काकांच्या समोर जाऊन बसली आणि झेरॉक्स काढून मला म्हणाली वाच. मी वाचलं. विहिरीला पाणी लागलं त्या ओळीपर्यंत आलो आणि काकांनी हात वर केला, बास म्हणाले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. काकांचा मुलगा म्हणाला, 'अण्णा, तुम्ही हे पत्र लिहिलेलं कधी सांगितलं नाही.' त्याला खरंच माहीत नव्हतं. तो १९९६ ला पाच वर्षांचा असेल, त्याने लहानपणापासून बापाला त्याच रानात बघितलंय, त्याच्यासाठी ती जमीन त्यांचीच.

मग आम्ही रानात गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. विहीर आमच्या हिश्श्यात आहे, ४५ फूट, दगडी बांधलेली, वरच्या दगडावर १९९७ कोरलंय. पाइपलाइन आहे. खालच्या बाजूचा ताल, म्हणजे बांध, त्यांनी तीनदा घातलाय, एकदा २०१९ च्या पावसात वाहून गेला तेव्हा. हे सगळं एका माणसाने केलं आणि आम्ही पुण्यात बसून ज्वारीचं पोतं आलं नाही म्हणून मनात धरलं. @काळीमाती तुम्ही बांधावर बसून लिहिलं होतं ते मला त्या तालावर उभं राहिल्यावर समजलं.

निघताना आई म्हणाली विहिरीकडचे १४ गुंठे भाऊजींच्या नावावर करून दे, विहिरीसकट. ताई म्हणाली माझी हरकत नाही, कुठे सही करायची सांगा. काका काहीच म्हणाले नाहीत पण मोजणीला ते स्वतः उभे राहणार आहेत, असं त्यांनीच सांगितलं. मुलगा अजून गप्प आहे. दप्तरी काका, १४ गुंठे वेगळे करून देता येतात का?

जुना_दप्तरी

वाचून फार बरं वाटलं.

१४ गुंठ्यांचं अवघड आहे. तुकडेबंदी कायदा, १९४७. प्रमाणभूत क्षेत्राच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कमीत कमी क्षेत्राच्या, खाली तुकडा पडेल असं हस्तांतर करता येत नाही. २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं धरलंय. तुमच्या सातबाऱ्यावर विहीर लागलीये का, क्षेत्र बागायत दाखवलंय का? बरेचदा विहीर जमिनीत असते आणि कागदावर नसते. नसेल तर आधी विहिरीची नोंद करा किंवा मग २० गुंठ्यांचा विचार करा. जे काही द्याल ते रजिस्टर बक्षीसपत्राने, तिघांच्या सह्यांनी. आणि उरलेल्या जमिनीबद्दल काकांकडून लेखी घ्या की त्यावर कूळ, वहिवाट कसलाही हक्क नाही, त्याचा मसुदा वकीलसाहेबच करतील.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस पोचलीये ना ते आधी बघून घ्या. हद्दीचे दगड रोवले की लगेच फोटो काढा, शेजारचं झाड किंवा विहीर फोटोत येऊ द्या. आणि क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात आल्याशिवाय कंपाउंडचा एक खांबही रोवू नका.

खटावचा_मुलगा

सातबाऱ्यावर विहीर नाही, क्षेत्र जिरायत दाखवलंय. आईला सांगितलं १४ जमत नाहीत, कमीत कमी २० लागतात. ती भाकऱ्या करत होती, मागे न बघताच म्हणाली, मग वीस दे.

मोजणी पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे.